न मारलेली काट

सर,

आज तुमच्या नावाचं पहिलं बक्षीस दिलं. घरी येऊन भांडी घासायला हवी होती, ती तशीच मोरीत ठेवून भिंतीला पाठ टेकून बसलेय. फार दमलेय. तुम्ही थंडीत गेलात आणि आता आंब्याला कैऱ्या धरल्यात. मधल्या सगळ्या दिवसांत मी फक्त तुमच्याबद्दल बोलतेय असं वाटतं. शोकसभेत बोलले, पुण्याहून आलेल्या लोकांशी बोलले, वर्तमानपत्राच्या माणसाशी बोलले. तेच तेच सांगून तुम्ही माझ्याच तोंडात शिळे व्हायला लागलात. थोर मुद्राचित्रकार यशवंत पोतनीस, ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व. ऋषितुल्य म्हणे. चहात साखर कमी पडली म्हणून कप बाजूला सारून तोंड फिरवून बसणारा ऋषी मी तरी दुसरा पाहिला नाही. तेव्हा आज कुणाला तुमच्याबद्दल काही सांगत नाही. तुमच्याशीच बोलते. थोडं भांडायचंही आहे, कारण आपलं भांडण अर्धवट टाकून गेलात.

भांडण काटेचंच. दुसरं कुठलं होतं आपल्यात?

मी पौडच्या शाळेत चित्रकलेची बाई म्हणून नुकती लागले होते, तेव्हा तुम्ही पुण्याची कॉलेजातली नोकरी सोडून धरणाच्या काठाला हिराबाईंची गोठ्याशेजारची खोली भाड्यानं घेतलीत. गावात बातमी अशी होती, की एक म्हातारा आलाय आणि तो दिवसभर फळ्या खरवडतो. तुम्ही म्हातारे नव्हता तेव्हा, पण दाढीमुळे तसे दिसायचात. एका रविवारी एस.टी.नं मी बघायला आले. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "बाई, हात काळे करायला आलात की नुसतं बघायला?" मी म्हटलं, बघायला. "मग उजेडातून बाजूला बसा." दुसऱ्या रविवारी मी जुनं पातळ नेसून आले आणि संध्याकाळपर्यंत कोपरापर्यंत काळी झाले. त्यानंतर 'अहो बाई'चं 'अगं मुलाणीबाई' झालं ते कायमचं. घरी नमाजाला बसताना नखांतली शाई काही केल्या निघायची नाही. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "अल्लाला सांग, कामाची शाई आहे. तो समजून घेईल, तुझी सासू घेणार नाही." सासूबाईंनी खरंच समजून घेतलं नाही.

त्या पहिल्या वर्षी मी तुमचं सगळं काम पाहिलं आणि मनातल्या मनात तुम्हाला हात जोडले. सागवानाची फळी, तिच्यावर कोरणीनं एकेक रेघ उचलायची. कोरलेलं पांढरं राहतं, न कोरलेलं काळं उमटतं. रोलरनं शाई द्यायची, वर कागद ठेवायचा आणि हिराबाईंकडून आणलेल्या लाकडी डावाच्या पाठीनं घासत बसायचं. यंत्र घ्या म्हटलं तर तुम्हाला राग यायचा. एकेक प्रिंट सोडवून हिराबाईंच्या वळणीवर वाळत घालायची, म्हशीच्या दाव्यांच्या आणि लुगड्यांच्या मधोमध. ठरवलेल्या सगळ्या प्रिंटा निघाल्या, तुम्ही चष्मा पुसलात, आणि मग जे केलंत ते बघून मी किंचाळलेच. रुंद पात्याची कोरणी घेतलीत आणि त्या फळीवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत आडवी काट मारलीत. महिनोन्महिने कोरलेलं एका दमात चिरून टाकलंत.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"संपलं," तुम्ही म्हणालात. "ज्यांनी विकत घेतल्या त्यांना शब्द दिलाय, याच्यातून आणखी निघणार नाही."

मग त्या चिरलेल्या फळीला पुन्हा शाई लावलीत आणि एकच प्रिंट काढलीत. चित्र तेच, मधून पांढरी काट गेलेली. काट मारली याची साक्ष. खाली पेन्सिलीनं 'साक्ष' एवढंच लिहिलंत, आणि मी तिथं होते म्हणून ती माझ्या हातात दिलीत. फळी हिराबाईंना दिलीत. त्यांच्या रांजणाचं झाकण फुटलं होतं. "लाकूड आहे," म्हणालात, "आता त्याला लाकडाचं काम करू दे."

सर, बाहेरची माणसं विचारतात, पोतनीस सरांचे मूळ ठसे कुठं आहेत? मी त्यांना गावात फिरवून आणते. हिराबाईंच्या रांजणावर तुमचा बाजाराचा दिवस आहे. त्यांच्या दिराच्या घरी जेवायला बसायचा पाट म्हणजे तुमची होडी. शेळ्यांच्या गोठ्याच्या दाराला ठिगळ लावलंय त्यात भातलावणीच्या बायका ओणव्या आहेत, आणि शेळ्यांनी एक कोपरा चाटून गुळगुळीत केलाय. सगळ्यांवरून काट गेलेली. पुण्याच्या लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. गावातली माणसं म्हणतात, "फळी लई टिकाऊ निगाली सरांची."

मला ती काट कधीच पटली नाही. दर वेळी मी भांडले. ज्या हातानं कोरायचं त्याच हातानं चिरायचं, हा कसला न्याय? शब्द दिलाय तर पाळा, फळी कपाटात ठेवा, कुलूप लावा. छापलं नाही म्हणजे झालं. तुम्ही म्हणायचात, "कुलपाची किल्ली माझ्याजवळच राहणार ना? हात आखडला, विक्री थांबली, की उघडीन." मी म्हणायचे, तुमचा तुमच्यावरच भरवसा नाही. तुम्ही म्हणायचात, "अजिबात नाही. आणि तुझ्यावर तर त्याहून नाही." मग हिराबाई ओट्यावरून ओरडायच्या, "आरं, भांडताय काय, च्या निवतोय." चहा प्यायचो आणि विषय तिथंच राहायचा. काटेच्या वेळी मी खोलीबाहेर जाऊन उभी राहायची. साक्षीच्या प्रिंटेला मात्र आत यायची, कारण कागद धरायला दुसरं माणूस लागायचं. तशा किती साक्षी माझ्या पेटीत आहेत. तुम्ही दिल्या, मी रागारागानं घेतल्या आणि जपून ठेवल्या.

शेवटची फळी ताम्हिणीच्या गवताची. दिवाळीनंतर डोंगरमाथ्यावरच्या सड्यावरचं गवत पिकून पिवळं होतं, ते बघायला आपण एस.टी.नं जायचो. तुम्हाला चढावर दम लागायचा आणि तुम्ही तो मान्य करायचा नाहीत. थांबायचात आणि म्हणायचात, "मुलाणीबाई, तू दमलीस, बस जरा." मी मुकाट बसायची. धाब्यावरचा चहा प्यायचा, त्यात साखर भरपूर, म्हणून तुम्ही खूश. कोकणातून वारा वर चढतो, तो त्या गवतावरून सारखा जात असतो, त्यामुळे सगळं रान एकाच बाजूला लवलेलं. तुम्ही तेवढंच कोरायला घेतलंत. ना झाड, ना माणूस, ना डोंगराची कड. नुसतं गवत. काळ्यावर पांढरी पाती, शेजारी शेजारी, एकीसारखी दुसरी नाही, पण सगळ्यांची मान एकाच दिशेला. वर्षभर कोरत होतात. मधे खोकल्यानं आडवे पडायचात, उठलात की पुन्हा कोरणी. मी म्हणायची, पुरे आता, दिसतंय गवत. "तुला दिसतंय," म्हणायचात, "मला अजून वारा दिसत नाही."

प्रिंटा निघाल्या तेव्हा मला रडू आलं हे तुम्ही पाहिलंत. एक मला दिलीत, घरच्या भिंतीवर आहे. आणि त्या दिवशी मी भांडले नाही. विनवणी केली. सर, हिला काट मारू नका. तुमच्याकडून आता दुसरी फळी होणार नाही, हे मी बोलले नाही, पण तुम्हाला ऐकू गेलं असणार. तुम्ही फळीवरून तळवा फिरवत राहिलात आणि म्हणालात, "जा, तुझी गाडी चुकेल."

पुढच्या रविवारी आले तर फळी तुमच्या जुन्या धोतरात गुंडाळून दाराशी उभी होती. "ही ने तुझ्या घरी."

"काट?"

"तू बघ की."

मी उलगडली. उजेडात नेली, तिरकी करून पाहिली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गवतच गवत, काट नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी जिंकले होते. मला हसू आवरेना. तुम्ही खाटेवरून विचारलंत, "खूश?"

"खूश."

"छापू मात्र नकोस."

"मी कशाला छापू?"

"वेळ येते माणसावर," तुम्ही म्हणालात आणि भिंतीकडे तोंड करून झोपलात.

त्यानंतर आपण काटेबद्दल कधी बोललो नाही. मला वाटलं, हरलात म्हणून बोलत नसाल. फळी माझ्या शिलाईयंत्रामागे भिंतीला टेकून उभी होती. रोज पुसायची. तुम्ही गेल्यावर तर दिवसातून दोनदा पुसायची. आमचे हे म्हणाले, "अगं, किती पुसशील, गवात निगून जाईल त्येच्यावरचं."

मग दामले आले. तुमच्या कॉलेजातले, आता तिथं मोठे झालेले. माणूस वाईट नाही. सगळ्यांना धरून, धावपळ करून त्यांनी तुमच्या नावाचं पारितोषिक उभं केलं. दरवर्षी छापचित्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला द्यायचं, आणि समारंभ पौडलाच, आमच्या शाळेत करायचा, ही माझी अट त्यांनी लगेच मान्य केली. मग घरी चहा प्यायला आले आणि यंत्रामागची फळी त्यांना दिसली. गुडघे टेकून बसले तिच्यासमोर. "बाई, हिला काट नाही!"

नाही, मी म्हटलं. सांगताना मला थोडा अभिमानही वाटला, लपवत नाही.

दामल्यांचे डोळे चमकले. पैसे काय, येतील जातील, म्हणाले, पण जिंकणाऱ्या मुलाला दरवर्षी याच फळीवरची एक प्रिंट दिली तर? सरांचा हात त्यांच्या हातात. मी नाही म्हटलं. सरांनी शब्द दिला होता, याच्यातून आणखी निघणार नाही. दामले म्हणाले, "शब्द दिला होता तर काट मारली असती. सर काट मारल्याशिवाय राहणारे नव्हते. ही त्यांनी ठेवली, म्हणजे कशासाठी तरी ठेवली असेल ना?"

माझ्यासाठी ठेवली, मी हट्ट केला म्हणून ठेवली, असं म्हणायची लाज वाटली. दामले पुन्हा आले, मग आणखी दोघांना घेऊन आले, मग पत्रिका छापायच्या आहेत म्हणून निरोप पाठवला. मी थकले सर. नकार द्यायलाही अंगात बळ लागतं, ते तुम्ही गेल्यापासून माझ्यात उरलेलं नाही. शेवटी म्हटलं, या एका वर्षी देते, पुढचं पुढं बघू. आणि त्या दिवसापासून तुमचं 'वेळ येते माणसावर' कानातून जाईना. छापलं तर तुमचा शब्द मोडणार, तोही माझ्या हातानं. आणि तुम्ही बोलला होतातच, तुझ्यावर भरवसा नाही म्हणून.

परवा दुपारी घरात कुणी नसताना छापली. शाई घोटली, रोलर फिरवला, कागद ठेवला आणि तुमच्या डावाच्या पाठीनं घासत बसले. सोडवली तेव्हा धड बघितलीही नाही. चोरी करून आणलेल्या वस्तूकडे माणूस बघत नाही, तशी वाळत घातली आणि दार ओढून घेतलं.

आज शाळेच्या सभागृहात बरीच माणसं होती. हिराबाई पुढच्या रांगेत, नवं लुगडं नेसून. जिंकलेली मुलगी मुठा गावची. सुमन तिचं नाव. घरात म्हशी, बाप शेती करतो, ती कॉलेजसाठी पुण्यात मावशीकडे राहते. तिनं एस.टी.च्या टपावरची बोचकी कोरलीत. तुम्ही असतात तर आधी तिला झापलं असतंत, बोचक्यांच्या गाठी सगळ्या सारख्याच का म्हणून, आणि मग मला कोपऱ्यात नेऊन म्हणाला असतात, ही पोरगी करणार. दामल्यांनी भाषण केलं, त्यात ऋषितुल्य तीन-चारदा आलं. मग मी प्रिंट तिच्या हातात दिली. फोटोवाला म्हणतोय, इकडं बघा. ती काही बघेना. प्रिंटेतच डोळे घालून उभी राहिली, आणि मला हळूच म्हणाली,

"बाई, ह्ये एक गवात वाऱ्याच्या उलट कसं काय पडलंय?"

"कुठं?"

तिनं बोट ठेवलं. खालच्या डाव्या अंगाला, दाट पात्यांच्या मधे एक पातं. बारीकसं. सगळं रान एका बाजूला लवलेलं आणि हे एकटं दुसरीकडे, शेजारच्या पात्यांना छेदून.

दामल्यांनी चष्मा लावून पाहिलं. "कोरताना हात घसरला असेल," म्हणाले, "वय झालं होतं."

"सरांचा हात घसरत नव्हता," मी म्हटलं.

घर शाळेच्या मागेच आहे. कार्यक्रम उरकायची वाट न बघता मी सुमनचा हात धरून तिला घरी आणलं, मागून हिराबाई आल्या, मागून दामले. भिंतीवरची जुनी प्रिंट काढली, तुम्ही दिलेली, आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. जुन्या प्रिंटेत ते पातं नाही. मग फळी यंत्रामागून ओढली आणि बोटानं चाचपत गेले. सापडलं. इतके दिवस रोज त्याच्यावरून फडकं फिरवत होते. ताजी कोर उजळ दिसली असती, म्हणून तुम्ही तिच्यात शाई चोळून ठेवली होती. त्या आठवड्यात, मी विनवून गेल्यावर, तुम्ही खाटेवरून उठून हे केलंत.

ती काट होती, सर. प्रिंटा निघाल्यावर मारलेली. तुमचा शब्द तुम्ही पाळलात, आणि मला दिसणार नाही अशा बेतानं पाळलात. मी छापलं नसतं तर मला मरेपर्यंत कळलं नसतं. मी जिंकलेच आहे असं समजून राहिले असते.

आधी राग आला. मला फसवलंत. मग हळूहळू ध्यानात आलं, की या फळीची साक्ष तुम्ही कधी काढलीच नव्हती. काट मारली की एक प्रिंट काढायची, ही तुमचीच रीत. ती या वेळी माझ्याकडे शिल्लक ठेवून गेलात. परवा मी चोरासारखी छापली ती साक्ष होती. शब्द मोडला नव्हता. मी तिथंच खाली बसले आणि सगळ्यांसमोर रडले.

सुमनला सगळं सांगितलं. ती घाबरून प्रिंट माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाई, मग ही तुमीच ठेवा."

ठेवावी असं फार वाटलं. आजवरच्या सगळ्या साक्षी माझ्या पेटीत आहेत, हीच तेवढी नाही. पण साक्ष तुम्ही नेहमी काट बघणाऱ्याला देत आलात, आणि ही काट पहिल्यांदा तिला दिसली. मी पेन्सिल आणली, खाली 'साक्ष' लिहिलं आणि प्रिंट तिला परत दिली. दामले बराच वेळ चष्मा पुसत होते. पुढच्या वर्षी काय द्यायचं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षीचं मला आज विचारू नका.

सगळे गेल्यावर हिराबाई राहिल्या. त्यांची गाडी उशिरा होती. त्यांनी फळी मांडीवर घेतली. "मंग ही आता झाकनाला का?"

"घेऊन जा," मी म्हटलं. "रीत आहे सरांची."

"पर काट कुटं हाय? मला दिसंना."

मी त्यांचं बोट धरून त्या पात्यावर ठेवलं. त्या बोट पुढं-मागं फिरवत राहिल्या. "एवडीशीच?"

"एवढीशीच."

"आगं, दर बारीला बाहीर येऊन गोठ्याच्या मागं बसायचं त्ये. काट मारली की. तू साक्ष घिऊन घरला ग्येलीस का मंग. दोन-दोन दिस जेवायचं न्हाईत." त्यांनी फळी लुगड्याच्या पदरानं पुसली. "ही मारताना तर लईच जिवावर आलं आसंल त्येंच्या."

मी त्यांना गाडीत बसवून आले. कागदात गुंडाळून देते म्हटलं तर नको म्हणाल्या, पाण्याचंच झाकण आहे. तेव्हापासून अशी भिंतीला टेकून बसलेय.

गोठ्यामागचं मला कधी दिसलं नाही, कारण मी रागानं एस.टी. गाठायची. सर, इतकी वर्षं मी तुमच्याशी भांडले. एकदा तरी म्हणायचं होतंत, की मुलाणीबाई, मलाही जमत नाही गं. मी भांडण तिथंच सोडलं असतं. कोरणी तुमच्या हातातून घेतली असती आणि काट मी मारली असती.